तारा सैल सोडा!

दोस्तांनो, वसईतल्या लग्नात गिटार ऐकलीत ना? तिच्या तीन तारा कुणी मुद्दाम सैल केल्या तर? बिघडवली म्हणाल! पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवर हीच तर गंमत.

१८३० च्या सुमारास तिथे गुरं आवरायला मेक्सिकोचे गुराखी आले, त्यांच्याबरोबर गिटारही आली. बेटावरच्यांनी तारा उतरवून आपलीच तऱ्हा काढली. अंगठा ठेका धरतो, बाकीची बोटं चाल वाजवतात. वाजवणारा एकटा, वाटतात दोघे! कोणती तार किती उतरवायची, हे मात्र घरचं गुपित. ते जपता जपता चालीच बुडायची वेळ आली.

आपल्याकडे तरी काय होतं? घराण्याच्या चिजा गवई सहजी देत नसत. मुंबईच्या पंडित भातखंड्यांनी त्या चिकाटीने गोळा केल्या, मराठी पुस्तकांत छापल्या. हवाईत कीओला बीमरने १९७३ मध्ये शिकवणीचं पुस्तक काढलं. आता तर या चालींचे कागद इंटरनेटवर विकत मिळतात. त्यांना म्हणतात टॅब.

टॅबमध्ये सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सर्वांत वरची रेघ ही सर्वांत बारीक तार. रेघेवर २ असेल तर त्या तारेच्या दुसऱ्या घरात बोट दाबायचं. ० म्हणजे तार मोकळी. ठेक्याचा डौल मात्र कागदावर उतरत नाही, तो ऐकूनच घ्यावा लागतो.

घरी गिटार आहे? सर्वांत जाड तार, तिच्या शेजारची आणि सर्वांत बारीक, या तिन्ही एकेक पूर्ण स्वर उतरवा. आता एकही बोट न दाबता सहाही तारा छेडा बरं!