औषध अंगावर उठतें तेव्हां



औषध घेणाऱ्या माणसाच्या अंगावर पुरळ उठलें, तर ‘औषध गरम पडलें’ असें म्हणून आपण स्वस्थ बसतों. बहुतेक वेळां तें आपोआप मावळतेंही. परंतु क्वचित् प्रसंगीं त्याच पुरळापासून एका भयंकर विकाराचा आरंभ होतो. तो वेळींच ओळखतां यावा, एवढ्याचसाठीं हें भाषण.

न्यूयॉर्क येथील स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन डॉक्टरांनीं १९२२ सालीं दोन मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाचें वय ७ वर्षें, दुसऱ्याचें ८. अंगभर चट्टे, न हटणारा ताप, सोललेलें तोंड आणि सुजलेले डोळे. कारण त्यांना उमगलें नाहीं. विकाराला मात्र त्यांचेंच नांव पडलें. तो बहुधा औषधामुळें उद्भवतो, हें पुढें कळलें.

शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशी औषधाच्या निमित्तानें आपल्याच त्वचेवर उलटतात. तिचा वरचा थर मरतो व भाजल्याप्रमाणें सुटून येतो. ३० टक्क्यांहून अधिक त्वचा सुटली, तर सुमारें तिघांपैकीं एक रोगी दगावतो. सल्फा जातीचीं औषधें, फेंफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपीन, वातरक्तावरील अ‍ॅलोप्युरिनॉल हीं यांतलीं प्रमुख होत. यांत डॉक्टरांची चूक असतेच असें नाहीं. हजारोंना मानवलेलें औषध एखाद्यालाच बाधतें.

खरी फसगत होते ती काळाची. हा विकार औषध सुरू केल्यापासून साधारणतः ४ दिवस ते ४ आठवड्यांच्या अवधींत उद्भवतो. तिसऱ्या आठवड्यांत पुरळ उठल्यावर त्या गोळीचा संशय कोणास येणार? शिवाय आधीं ताप येतो, घसा दुखतो. घरचीं माणसें पडसें समजतात आणि रोगी तीच गोळी गिळीत राहतो.

म्हणून पुरळाबरोबर ताप, तोंडांत फोड, डोळ्यांची आग किंवा कातडीचें दुखणें, यांपैकीं एक जरी खूण दिसली, तरी पुढची मात्रा न घेतां तत्काळ रुग्णालय गांठावें. फेंफऱ्याच्या रोग्यास बदली औषध लागतें. तें डॉक्टर ठरवतील. बाधलेलें औषध मात्र जन्मांत पुन्हां घेऊं नये.

दूधवाल्याचा हिशेब आपण तारीखवार मांडतों. त्याच वहींत नव्या औषधाचें नांव आणि तें सुरू केल्याची तारीखही टिपून ठेवा. डॉक्टर प्रथम हेंच विचारतात, आणि त्या घाईंत नेमकें तेंच कोणास आठवत नाहीं.