ओरखडा

गेल्या महिन्यात आमच्या घरी नवा नॉनस्टिक तवा आला आणि आठव्याच दिवशी त्यावर तारेच्या घासणीचा ओरखडा उठला. भांडी घासायला येणाऱ्या मावशी आपण होऊन तवा घेऊन पुढे आल्या. "वहिनी, माझ्याच हातनं झालं हे," म्हणाल्या. आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळाला आठी पडली. त्या तोंड उघडणार, एवढ्यात चहाला आलेल्या शेजाऱ्यांनी तवा मागून घेतला, खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरपा धरला आणि म्हणाले, "वहिनी, रागावू नका. त्यांनी सांगितलं ना? न सांगितलेला ओरखडा फार वाईट. आमचा सगळा जन्म ओरखडे बघण्यात गेला."

हे शेजारी हैदराबादच्या अणुइंधन संकुलातून, तपासणीच्या कामावरून निवृत्त झालेले. मी आयुष्यभर बँकेत खतावण्या तपासल्या आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. अणुइंधन म्हणजे कोळशासारखे काहीतरी भट्टीत ढकलायचे, एवढीच माझी समजूत. ती त्यांनी त्या संध्याकाळी दुरुस्त केली.

युरेनियमच्या भुकटीपासून भाजून कडक केलेल्या छोट्या वड्या तयार करतात. त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळीत एकावर एक भरायच्या आणि दोन्ही टोके वेल्डिंगने बंद करायची. ही झाली इंधनकांडी. आपल्या २२० मेगावॉटच्या अणुभट्ट्यांत अशा १९ कांड्यांची एक जुडी असते, साधारण अर्ध्या मीटर लांबीची. एका भट्टीत ३,६७२ जुड्या, म्हणजे जवळजवळ ७० हजार कांड्या!

नळीला झिर्कोनियमच का? कारण भट्टी ज्यांच्यावर चालते ते न्यूट्रॉन हा धातू फारसे गिळत नाही. तरीही भिंत जितकी पातळ तितकी बरी. म्हणून या नळीची जाडी मिलिमीटरच्या चार दशांशांच्या आसपास ठेवतात. तुमच्या पाकिटातले एटीएम कार्ड पाऊण मिलिमीटर जाड असते; त्याच्या साधारण निम्मी! एवढ्याशा भिंतीच्या आत किरणोत्सर्ग आणि बाहेर वेगाने वाहणारे, तीनशे अंशांच्या आसपास तापलेले पाणी.

"आणि तिच्यावर ओरखडा?" मी विचारले.

"तीच तर गोम आहे," ते म्हणाले.

जगात सर्वाधिक संख्येने असलेल्या, दाबाखालच्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या अणुभट्ट्यांचे उदाहरण त्यांनी दिले. तिथल्या कांड्या सुमारे चार मीटर लांब आणि करंगळीहून बारीक. एका जुडीत १७ गुणिले १७ घरांची चौकट असते आणि तिच्यात २६४ कांड्या बसवतात. त्यांना जागेवर धरायला जाळ्या असतात. जाळीच्या प्रत्येक घरात बारीक स्प्रिंगा. त्यांनी कांडी घट्टच धरली पाहिजे. सैल धरली तर पाण्याच्या वेगाने ती वर्षानुवर्षे थरथरत राहील आणि घासून घासून तिला भोक पडेल. पण जुळणी करताना कांडी एकामागून एक जाळ्यांतून सरकवायची, म्हणजे त्याच घट्ट स्प्रिंगा तिच्या अंगावर ओढल्या जाणार. पुढे जी तिला सांभाळणार, तीच स्प्रिंग आधी तिला ओरबाडणार.

यावर जगभरच्या कारखान्यांनी निरनिराळ्या युक्त्या काढल्या. कुठे कांडीला लाखेसारख्या रोगणाचा पातळ लेप देतात, जुळणी झाली की तो धुऊन काढतात. तोही पुरता निघाला पाहिजे. भट्टीच्या पाण्यात परकी वस्तू चालत नाही. कुठे पातळ पट्टी घालून स्प्रिंग तेवढ्यापुरती मागे दाबून धरतात, कांडी आत गेली की सोडतात. कांडीचे टोक गुळगुळीत निमुळते ठेवायचे, ती सरळ रेषेत सरकवायची, हे तर आलेच. आपल्या जुड्यांत अशा जाळ्या नसतात; कांड्या एकमेकींना घासू नयेत म्हणून त्यांच्या अंगावर छोटे ठोकळे वेल्डिंगने बसवलेले असतात. पण हाताळताना लागायचे ते लागतेच.

"समजा, पडला ओरखडा. एवढे काय बिघडले?"

"बहुतेक वेळा काहीच नाही," ते प्रामाणिकपणे म्हणाले. खोल असेल तर आधीच पातळ असलेली भिंत तिथे आणखी पातळ होते. निघालेली धातूची कीस कुठे अडकली, तर पाण्याच्या प्रवाहात तीच कानशीसारखी घासत बसते. भोक पडले तर आतले झेनॉन, क्रिप्टॉन, आयोडीन पाण्यात उतरतात. एक कांडी गळाली म्हणजे अपघात झाला असे नव्हे; आपल्या जड पाण्याच्या भट्ट्यांत तर सदोष जुडी भट्टी चालू असतानाच काढून घेता येते. "पण एकदा जुडी भट्टीत तापली की तिला माणसाचा हात लागू शकत नाही. हाताने उचलून, डोळ्यांजवळ धरून बघण्याची संधी त्याआधीच. म्हणून कोणी 'माझ्याकडून लागलं' म्हणत आला, की मी आधी 'बरं झालं सांगितलंत' म्हणायचो. कांडी बाजूला. चौकशी नंतर."

ते गेले, आणि मला झोप येईना.

ऐंशीच्या दशकात मी एका लहान गावच्या शाखेत अकाउंटंट होतो. एका संध्याकाळी नवा कारकून चाचरत टेबलाशी आला. एकाची रक्कम त्याने दुसऱ्याच्या खात्यात जमा केली होती. दोन ओळींत दुरुस्त होणारी चूक. मी सगळ्यांदेखत त्याला फैलावर घेतले. शिस्तीचा अधिकारी म्हणून माझा दरारा वाढला. त्यानंतर माझ्या टेबलाशी चूक सांगायला कोणीही आले नाही, आणि माझी शाखा बिनचूक चालते या समाधानात मी राहिलो.

दोन वर्षांनी तपासनीस आले तेव्हा रोकडीतली एक तूट महिनोन्‌महिने झाकली जात असल्याचे निघाले. त्या कारकुनाला ती पहिल्याच महिन्यात दिसली होती. चौकशीत तो खाली मान घालून म्हणाला, "साहेबांना सांगायची भीती वाटली." गप्प बसल्याबद्दल त्याच्या दोन वेतनवाढी रोखल्या गेल्या. मला लेखी समज मिळाली. पुढच्या वर्षी बढतीही. मी ती घेतली. तो का गप्प बसला, हे चौकशीत मी स्वतःहून सांगायला हवे होते. सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सौभाग्यवतींनी लाकडी उलथने आणि मऊ घासणी आणली. तारेची घासणी त्या जागी ठेवली कोणी, याचाही शोध लागला. मीच ठेवली होती. मावशींना तसे सांगितले, तेव्हा त्या मनापासून हसल्या.

तो कारकूनही आता निवृत्त झाला असेल. रविवारची पुरवणी तो वाचत असेल, तर त्याला एवढेच सांगायचे आहे: त्या संध्याकाळी तुम्ही सांगायला आलात, ते बरे केलेत.