पाटणचे ग्रस्तोदित ग्रहण

चाळीसगावजवळ गौताळ्याच्या डोंगराच्या कुशीत पाटणादेवीचे ठाणे आहे. तिथला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांसमोर आणला. लीलावती आणि सिद्धान्तशिरोमणी लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने पाटणला मठ काढला आणि स्थानिक निकुंभ राजा सोइदेवाने त्याला दान दिले. लेखात दानाचा दिवस नोंदवला आहे: शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ. वंशावळीसाठी हा लेख पुष्कळदा चाळला जातो, ग्रहणाकडे मात्र दानाचे ठरीव निमित्त म्हणून काणाडोळा होतो. माझ्या मते लेखातला सगळ्यात बोलका पुरावा तोच आहे.

ही तिथी येते ९ ऑगस्ट १२०७ रोजी. आजच्या गणिताने मागे जाऊन पाहिले तर त्या दिवशी खरोखरच खंडग्रास चंद्रग्रहण होते आणि मध्याच्या वेळी बिंबाचा निम्म्याहून किंचित जास्त भाग पृथ्वीच्या सावलीत होता. पण हा मध्य पाटणच्या स्थानिक वेळेने साधारण साडेपाचला आला. चंद्र तेव्हा क्षितिजाखाली होता. तो उगवला साडेसहाच्या सुमारास, म्हणजे मोक्षाला जेमतेम वीस मिनिटे उरली असताना. ग्रासही उतरत जाऊन पाचव्या हिश्शावर आला होता. पंचांगाच्या भाषेत हे ग्रस्तोदित ग्रहण. त्यात श्रावण, संधिप्रकाश आणि भोवती डोंगर. चंद्र काळवंडलेला दिसल्यावर धावपळ करून दानाची तयारी करायची म्हटली असती तर ग्रहण केव्हाच सुटून गेले असते. सर्व लोकांसमक्ष हातावर पाणी सोडून दान दिल्याचे लेख सांगतो. एवढी मंडळी वेळेवर जमायची तर ग्रहण आज आहे आणि ते उगवत्या चंद्रावरच दिसणार आहे, हे कुणीतरी आधी मांडून ठेवलेले असले पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा की दानपत्रांत पुण्य वाढवण्यासाठी ग्रहण मागाहूनही घालत. शिवाय शकाचा आकडाही इथे जुळत नाही: शके ११२८ च्या श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे १२०६ च्या जुलैत, डोळ्यांना दिसेल असे ग्रहण नव्हते आणि प्रभव संवत्सर येते शके ११२९ ला. पण हाच आक्षेप उलट लेखाच्या बाजूने साक्ष देतो. संवत्सर, महिना, तिथी आणि ग्रहण या चार गोष्टी एकाच संध्याकाळी जुळतात, एकटा आकडा तेवढा एकाने घसरतो. ग्रहण कल्पनेतले असते तर ते नेमके प्रभव संवत्सराच्याच श्रावणात सापडण्याचे कारण नव्हते. असे गणित साधा गावजोशीही करी, हे कबूल. पण ग्रहण चंद्रोदयाच्या काठावर असले की घटका-दीड घटकेची चूकही सगळे बिघडवते. दिसण्याआधीच ते सुटते आणि न दिसलेल्या ग्रहणाला धर्मशास्त्र पर्वकाळ मानत नाही.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे: हा सगळा खटाटोप पुण्यासाठी होता, यात विज्ञान कुठे? हेतू पुण्याचा होता, हे खरेच. खुद्द भास्कराचार्यांनीही राहूला हाकलून दिलेले नाही. ब्रह्मदेवाच्या वराने राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो, असे म्हणून त्यांनी पुराण आणि गणित यांची तडजोड घातली. (पुराणिकांशी भांडण टाळायची ही युक्ती मोठी चतुर आहे.) पण मोजायचे ते सावलीच मोजतात. इतकेच नव्हे, चंद्राचा सोळावा हिस्सा झाकला तरी त्याच्या तेजामुळे तो लक्षात येत नाही, असेही सांगतात. डोळ्याला काय दिसेल याचा हा विचार कोरड्या आकडेमोडीतून येत नाही. ‘दे दान सुटे गिराण’ म्हणणाऱ्या समाजाला ग्रहणाची वेळ अचूक हवी होती आणि त्या गरजेवरच हे गणित पोसले गेले. शिलालेखाच्या अखेरीस संस्कृत सोडून जुनी मराठी येते तीही दानाच्या व्यवहारासाठीच. पाटणच्या बाजारात येणाऱ्या मालावरच्या करातला वाटा मठाला लावून दिला आहे, घाण्यामागे पळीभर तेलसुद्धा. ही कलमे तिथल्या व्यापाऱ्याला आणि तेल्याला समजायला हवी होती, म्हणून ती त्यांच्या भाषेत कोरली.