दर गुरुवारी, चार वाजता

गेल्या डिसेंबरात एका बालगृहाच्या फाटकावर नवा फलक लागला : 'आवारात कुत्र्यांना मनाई'. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथून भटकी कुत्री हलवायचा आदेश दिला, तेव्हापासूनच मला ही धास्ती होती. कुत्रा चावलेल्या लहान पोराचे हाल मी पाहिलेत, त्यामुळे लोकांच्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. पण लैंगिक छळ सोसलेल्या मुलांच्या उपचारासाठी तिथे दर गुरुवारी गळ्यात पट्टा आणि सोबत लसीकरणाचं कार्ड घेऊन येणाऱ्या, शिकवलेल्या कुत्रीलाही त्याच फलकाने बाहेर ठेवलं. तिथल्या उपचाराच्या खोलीत कुत्रा आणायला आम्हाला किती भांडावं लागलं होतं, ते आता तिथे कुणाला ठाऊक नाही.

कुत्र्याच्या सोबतीने होणाऱ्या या उपचाराचा जुना इतिहास भराभर सांगते. न्यूयॉर्कचे बालमानसतज्ज्ञ बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे १९५०च्या दशकात एक मिटलेला मुलगा आला. तो डॉक्टरांशी बोलेना, पण त्यांच्या 'जिंगल्स' या कुत्र्याशी खेळू लागला. लेव्हिन्सननी १९६१मध्ये हे सहकाऱ्यांपुढे मांडलं, तर सभागृहात हशा पिकला. फीमधला किती हिस्सा कुत्र्याला देता, असंही कुणी विचारलं म्हणतात. अगदी हाच प्रश्न २०१३मध्ये एका बैठकीत मला मराठीतून विचारला गेला. लेव्हिन्सननी त्या हशानंतर पुढच्याच वर्षी, १९६२मध्ये, लेख छापला आणि कुत्र्याला 'सहउपचारक' म्हटलं. मी त्या बैठकीत नुसती गप्प बसले, याची चुटपुट अजून आहे.

मधली काही दशकं सोडून देते. माझं दशक २०१२च्या बालदिनी सुरू झालं. त्या दिवशी पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक छळापासून संरक्षण देणारा कायदा, लागू झाला. त्याआधी २००७मध्ये केंद्र सरकारच्याच पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं होतं. कायद्याने तक्रारी वाढल्या, मुलं आमच्याकडे येऊ लागली. पण येईपर्यंत तीच हकिकत त्यांनी पोलिसांना, डॉक्टरांना, दंडाधिकाऱ्यांना, बालकल्याण समितीला सांगून झालेली असे. माझ्यासमोर बसेपर्यंत त्यांच्याकडे शब्द उरलेले नसत, आणि मी पुन्हा विचारायचे, "काय झालं, सांगशील का?"

२०१३च्या पावसाळ्यात एक मैत्रीण तिची लॅब्राडोर घेऊन आली. कुत्रीचं नाव जाई. आमचा नियम एकच होता : आधी मुलाला विचारायचं, "जाईला भेटायचंय?" 'नाही' आलं तर विषय तिथेच संपला. ज्यांचं 'नाही' घरात कुणीच मानलं नव्हतं, त्यांचं 'नाही' त्या खोलीत पहिल्यांदा मानलं गेलं. अकरा वर्षांची एक मुलगी तीन गुरुवार दाराशी, भिंतीला पाठ लावून बसून राहिली. चौथ्या गुरुवारी तिने ब्रश मागितला. जाईच्या पाठीवर ब्रश टेकवण्याआधी ती दर वेळी खाली वाकून विचारायची, "चालेल का गं?" हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

जाई ओठ चाटू लागली, जांभया देऊ लागली, तोंड फिरवू लागली, की काम बंद. काही आठवड्यांत मुलंच सांगू लागली, "ताई, जाई दमली." चौदा वर्षांच्या एका मुलाला त्याच्या छळणाऱ्याने दहशत घातली होती ती त्याचं कुत्र्याचं पिल्लू त्याच्यादेखत मारून. ही हकिकत त्याने जाईच्या कानांकडे बघत सांगितली. मी शेजारी होते, इतकंच.

आम्ही जाईची गोष्टही सांगायचो. आधीच्या घरी तिला बाल्कनीत बांधून ठेवत, उपाशी ठेवत. ही गोष्ट खरी होती म्हणूनच सांगितली. या मुलांशी खोटं बोलायचं नाही, यावर आमचं एकमत होतं. अमेरिकेत लैंगिक छळ सोसलेल्या १५३ मुलांच्या गटोपचारांचा अभ्यास २०१२मध्ये छापून आला. ज्या गटांत कुत्र्यांबरोबर त्यांच्या गोष्टीही होत्या, तिथली मुलं सगळ्यांत जास्त सावरली. ते वाचून मला फार बळ आलं. नंतर तिथेच ३३ मुलांवर आणखी एक चाचणी झाली. आघातावरच्या नेहमीच्या उपचाराला कुत्र्याची जोड देता येते हे तिच्यातून कळलं, पण त्यामुळे मुलं आणखी ठळकपणे सुधारतात असं काही दिसलं नाही. हेही मी मान्य करते. कुत्रा म्हणजे औषध नव्हे. बोलणं सुरू व्हायला त्याची मदत होते. पुढचं काम प्रशिक्षित माणसालाच करावं लागतं. आमच्याकडे त्या माणसाचंच पद वर्षानुवर्षं रिकामं असतं. आणि कुत्रा येतो त्या दिवशी देणगीदार कॅमेरे घेऊन हजर. मुलांचे चेहरे टिपू नका, हे मी किती जणांना सांगितलं असेन!

एका अधिकाऱ्याचं वाक्य मात्र विसरता येत नाही : "या पोरांना शिस्त लावा, कुत्र्यांचे चोचले कसले करता?"

जाईला घेऊन न्यायालयाच्या दारातून तर आम्हाला आतच जाता आलं नाही. सिएटलच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात २००३पासून कुत्रे मुलांसोबत बसू लागले. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथे २०११मध्ये रोझी नावाची गोल्डन रिट्रीव्हर साक्षीच्या पिंजऱ्यात एका किशोरीच्या पायाशी बसली. बचाव पक्षाने हरकत घेतली, पण अपील न्यायालयाने २०१३मध्ये ती फेटाळली. आपल्या पॉक्सोच्या ३३व्या कलमात मुलाचा विश्वास असलेलं माणूस न्यायालयात सोबत ठेवता येतं. त्या कलमात माणसाचाच विचार आहे. आम्ही एका मुलीसाठी तोंडी विचारून पाहिलं, तर ते हसण्यावारी गेलं. मग जाई आवाराबाहेर गाडीत थांबली. त्याच कलमात साक्षीदरम्यान मुलाला मधूनमधून विश्रांती द्यायची सोय आहे. त्या दिवशी ती दोनदा मिळाली. दोन्ही वेळा मुलगी धावत आली, जाईच्या मानेत तोंड खुपसून बसली आणि ओढणीला चिकटलेले पांढरे केस तसेच घेऊन परत आत गेली. तिने साक्ष पूर्ण दिली.

२०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि गुरुवार थांबले. जाई त्याच्या पुढच्या वर्षी गेली. तिच्या जागी दुसरी कुत्री तयार करायला मैत्रिणीला दोन वर्षं लागली. ती जेमतेम दोन वर्षं आली, आणि मग हा फलक.

त्या फलकावर फक्त एक शब्द वाढवा, 'भटक्या', एवढंच माझं मागणं आहे. तीन पत्रं दिली, उत्तर एकाचंही नाही. तिथल्या मावशी सांगतात, गुरुवारी चार वाजता दोघं-तिघं अजून पायऱ्यांवर येऊन बसतात.