जन्मलेले किती, उरलेले किती?

हाडांच्या आणि हृदयाच्या तपासणीसाठी रुग्णालयांत टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य वापरतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६ तासांचे, त्यामुळे ते साठवून ठेवता येत नाही. म्हणून रुग्णालयात येते ते त्याचे जनकद्रव्य, मॉलिब्डेनम-९९. त्याचे अर्धायुष्य सुमारे ६६ तासांचे. जनकाचा क्षय होत राहतो, त्यातून टेक्नेशियम जन्मते आणि ते वेळोवेळी काढून घेतात. या उपकरणाला तंत्रज्ञ गमतीने ‘गाय’ म्हणतात. प्रश्न असा, की एकदा धार काढल्यावर पुन्हा केव्हा काढावी?

अशा क्षयसाखळ्यांचे गणित हॅरी बेटमन या इंग्रज गणितज्ञाने १९१० साली सोडवले, आणि त्यासाठी लाप्लास रूपांतराचा मार्ग घेतला. फ्रेंच गणितज्ञ लाप्लास (१७४९–१८२७) यांच्या नावाचे हे रूपांतर काळाच्या भाषेतला प्रश्न दुसऱ्या भाषेत नेते. तिथे तो साध्या बीजगणिताने सुटतो. अडचण येते ती परत येताना.

जनकाचा क्षयदर क आणि अपत्याचा ख मानू. स्थिरांक बाजूला ठेवले, तर तिकडचे उत्तर म्हणजे १/(स + क) आणि १/(स + ख) यांचा गुणाकार. यातला प्रत्येक अवयव इकडे आणला की एकेक उतरता वक्र मिळतो. मग दोन्ही वक्र गुणून टाकावेत, असा मोह होतो. पण तो गुणाकार आरंभीच सर्वांत मोठा असतो, आणि नुकतीच पूर्ण धार काढलेल्या गाईत तर टेक्नेशियम शून्य असते!

खरा मार्ग संवलनाचा, म्हणजेच कॉन्व्होल्यूशनचा. समजा, धार काढून २० तास झाले. आज हाती असलेले टेक्नेशियम एका वेळी जन्मलेले नाही. पाचव्या तासाला जन्मलेले १५ तास टिकलेले असले पाहिजे, अठराव्या तासाला जन्मलेले अवघे २ तास. प्रत्येक क्षणासाठी ‘तेव्हा जन्मलेले किती’ याला ‘त्यातला आजवर उरणारा भाग किती’ याने गुणायचे आणि साऱ्या क्षणांची बेरीज घ्यायची. जन्मापर्यंतचा काळ आणि टिकण्याचा काळ यांची बेरीज नेहमी २०च.

हीच बेरीज तिकडे साधा गुणाकार का होते? लाप्लास रूपांतर प्रत्येक कालावधीला असे वजन देते, की २० तासांचे वजन हे ५ तासांच्या आणि १५ तासांच्या वजनांचा गुणाकार ठरते. त्यामुळे जन्माचा हिशेब आणि टिकण्याचा हिशेब एकमेकांपासून सुटे होतात.

आपल्या उदाहरणात संवलनाचे उत्तर सुटसुटीत येते: दोन उतरत्या वक्रांमधला फरक भागिले दोन क्षयदरांमधला फरक. आरंभी दोन्ही वक्र समान, म्हणून उत्तर शून्य. पुढे ते चढते, शिखर गाठते आणि उतरू लागते. वरचे आकडे घातले, तर शिखर सुमारे २३ तासांवर येते. रोज सकाळी एकदा धार काढण्याचा रिवाज या गणिताशी नेमका जुळतो.

आंशिक अपूर्णांकांनीही हेच उत्तर निघते, आणि लवकर निघते. पण ते कुठून आले, हे त्यात दिसत नाही. शिवाय जन्माचा दर सूत्रात न बसणारा, नुसत्या मोजमापांच्या यादीतला असेल, तर अपूर्णांक पाडायचे कशाचे? संवलन तिथेही चालते. कारण त्याला दोनच गोष्टी कळाव्या लागतात: केव्हा किती आले, आणि आलेले कसे ओसरते.