मेला तोच कामाचा

खरीप जवळ आला की आर्णीकडे ‘चोर बीटी’ची कुजबुज सुरू होते. तणनाशक सोसणारे हे कापूस बियाणे सरकारमान्य नाही, पण ते पारखायची रीत सोपी आहे. ग्लायफोसेट फवारायचे, तण जळाले आणि पऱ्हाटी हिरवीच राहिली, की बियाणे ‘अस्सल’. प्रयोगशाळेतही पहिली पारख अशीच होते. प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या छोट्या कड्यावर, चढवलेले परके जनुक फारच थोड्या जिवाणूंत शिरते. म्हणून त्याच प्लास्मिडवर अँपिसिलिन हे प्रतिजैविक निकामी करणारे जनुक ठेवतात आणि सगळे जिवाणू अँपिसिलिनच्या बशीत पसरतात. प्लास्मिडवाले तेवढे जगतात. पण प्लास्मिड रिकामेही असू शकते. शिवाय एखादी वसाहत भोवतालचे औषध संपवते आणि तिच्या कडेने बारीक ठिपक्यांसारखे फुकटे उगवतात. नुसत्या जगण्यावरून हवे ते जनुक आत आहे, असे ठरत नाही.

म्हणून दुसरी चाळणी लागते. १९७७च्या पीबीआर ३२२ या प्लास्मिडवर टेट्रासायक्लिनलाही दाद न देणारे जनुक होते. परके जनुक बरोबर त्याच्या मध्ये खुपसले की ते मोडते. म्हणजे अँपिसिलिनवर जगणारा, पण टेट्रासायक्लिनवर मरणारा जिवाणू कामाचा! मेलेल्याला परत आणायचे कसे? मखमलीने. ठोकळ्यावर ताणलेली मखमल पहिल्या बशीवर हलके टेकवायची आणि तोच छाप टेट्रासायक्लिनच्या दुसऱ्या बशीवर उठवायचा. दुसरीत जी जागा मोकळी राहील, तिथला जिवंत जिवाणू पहिलीत सापडतो. ही युक्ती १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मांडली. १९५८च्या नोबेलमध्ये मात्र या दोघांपैकी वाटा एकट्या जोशुआंचा होता. पुढे निळ्या-पांढऱ्या वसाहतींच्या पद्धतीने मखमल मागे पडली, तरी दुसरी परीक्षा टळली नाही.

‘निंदणाची मजुरी वाचते, आम्हाला तेवढे पुरे,’ असे चोर बीटी लावणारा शेतकरी म्हणेल, आणि मजुरीचा तो हिशेब खोटा नाही. पण फवारणीत तगलेली पऱ्हाटी फक्त तणनाशक सोसणाऱ्या जनुकाची साक्ष देते, बोंडअळीविरुद्धच्या बीटी जनुकाची नाही. संकरित झाडाच्या सरकीत ही जनुके वेगवेगळी वाटली जातात, आणि बिनपावतीच्या पुडीवर हमी कुणाची? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटी प्रथिन ओळखणाऱ्या पट्ट्या केव्हाच तयार केल्या आहेत. पान चुरडायचे, द्रावणात कालवायचे, पट्टी बुडवायची आणि रेघ उमटते का ते पाहायचे. फवारणीनंतरची ही दुसरी बशी आहे.