चौरंगाचे चार पाय
घरबसल्या स्टॉक कार : भाग ६

मागच्या भागात टायरमधली हवा झाली, आता सस्पेन्शनकडे वळू. आयरेसिंग या संगणकावरच्या शर्यतीच्या सिम्युलेटरमधलं गॅरेजचं पान पहिल्यांदा उघडलं की पोटात गोळा येतो. स्प्रिंगा, शॉक अब्सॉर्बर, अँटीरोल बार, कॅम्बर, राइड हाइट, आणि त्यातलं बरंचसं चारही चाकांना वेगवेगळं. माझं ऐका, आज यातल्या एकाच आकड्याकडे बघू : क्रॉस वेट.

उंचसखल फरशीवर चौरंग मांडून पाहिला असेल, तर अर्धा विषय तुम्हाला आधीच कळलेला आहे. डुगडुगणाऱ्या चौरंगाचं वजन तिरप्या समोरासमोरच्या दोन पायांवर असतं आणि उरलेले दोन नुसते नावाला टेकतात. एका पायाखाली कागदाची घडी सरकवली, की त्या पायावरचा भार वाढतो. त्याच्या तिरप्या समोरच्या पायावरचाही वाढतो. अमेरिकेतले मेकॅनिक याला ‘वेज’ म्हणतात, म्हणजे आपली पाचर. खऱ्या शर्यतीत गाडी पिटमध्ये थांबली की मागच्या काचेच्या भोकातून लांब पाना घालून ते मागच्या स्प्रिंगचा स्क्रू फिरवतात. स्प्रिंग तीच राहते, तिच्यावरचा दाब बदलतो.

उजवं पुढचं आणि डावं मागचं चाक मिळून एकूण वजनाचे जितके टक्के पेलतात, तो आकडा म्हणजे क्रॉस वेट. ५० म्हणजे दोन्ही कर्णांवर सारखा भार. तो वाढवला की गाडी ‘टाइट’ होते, म्हणजे स्टिअरिंग वळवूनही नाक वळत नाही आणि गाडी बाहेरच्या भिंतीकडे ओढ घेते. कमी केला की ‘लूज’, म्हणजे मागची बाजू निसटू लागते.

असं का होतं? टायरचा एक स्वभाव आहे : त्याच्यावर दुप्पट भार टाकला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. म्हणून एकाच आसावरच्या दोन चाकांनी भार जितका सारखा वाटून घेतला, तितकी त्या जोडीची एकूण पकड जास्त. ओव्हल ट्रॅकवर वळणं डावीकडचीच, त्यामुळे वळताना भार उजव्या चाकांवर झुकतो. डाव्या मागच्या चाकावर आधीच जास्त भार दिलेला असेल, तर वळणात मागची जोडी समसमान राहते आणि घट्ट धरते. पुढे उलट घडतं. उजव्या पुढच्या चाकावर आधीच जास्त असलेला भार आणखी वाढतो आणि नाकाची पकड जाते.

आता माझी फजिती. शार्लटचा ट्रॅक : दीड मैलाचा, वळणांना २४ अंशांचा उतार. गाडी नॅस्करच्या ट्रक मालिकेतली. वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दाबला की मागची बाजू सटकायची. लूज आहे, मग वेज वाढवा, असा सरळ हिशेब केला. गाडी आणखी सटकू लागली. पुन्हा वाढवला. दोन संध्याकाळी यात गेल्या, आणि जेवणाच्या टेबलाला अडकवलेलं माझं स्टिअरिंग व्हील घरच्यांच्या डोळ्यांत खुपायला लागलं ते वेगळंच.

शेवटी रिप्ले सावकाश पाहिला. वळणाच्या मधोमध मी स्टिअरिंग गरजेपेक्षा फार वळवत होतो, कारण नाक वळतच नव्हतं. बाहेर पडताना वेग बदलला, पुढच्या टायरांना अचानक पकड मिळाली आणि तेवढ्या वळवलेल्या चाकांनी नाक एकदम आत खेचलं. मग मागची बाजू निसटणारच. रोग टाइटचा, लक्षण लूजचं. टायरचं तापमानही हेच सांगत होतं : उजवा पुढचा सगळ्यांत गरम. वेज काढला, आणि सटकणं थांबलं.

हे जुने लोक ओळखतात, नवे फसतात. म्हणून गाडी बिघडली असं वाटलं, की आधी विचारा : कुठे? वळणात शिरताना, मध्ये, की बाहेर पडताना? आणि आधीच्या टप्प्यात काही चुकलं होतं का? बहुतेक वेळा उत्तर आधीच्याच टप्प्यात सापडतं.

टाइट-लूज बदलणाऱ्या आणखी एका गोष्टीबद्दल, ट्रॅक बारबद्दल, थोडक्यात : मागचा आस गाडीच्या सांगाड्याला आडवा जोडणारा दांडा. तो वर केला की गाडी लूज होते, खाली केला की टाइट. नॅस्करच्या कप मालिकेत २०२२ साली नेक्स्ट जेन गाडी आली, तिला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणून हा दांडाच नाही. ट्रकमध्ये तो अजून आहे.

पुढच्या आठवड्यात शॉक अब्सॉर्बर. तोवर एक काम करा : एका वेळी एकच गोष्ट बदला, प्रत्येक बदलानंतर दहा फेऱ्या मारा आणि टायरची तापमानं वहीत लिहून ठेवा. ती वही पुढच्या भागाला लागणार आहे.